बिनतारेच्या ट्रामचा फॉरवर्ड आणि रस्त्यातला 'उघडा करंट'

गेला आठवडाभर एकच मेसेज फिरायलाय. आधी गल्लीच्या ग्रुपवर आला, मग दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर, परवा तर सासरवाडीच्या ग्रुपवरनं परत माझ्याकडंच आला. वर व्हिडिओ आहे, लांबलचक चकाचक ट्राम, डोक्यावर तार नाही काही नाही, आणि खाली लिहिलंय की फसू नका, बिनतारेची ट्राम म्हणजे रस्त्यात उघडा करंट सोडलेला असतो, पावसात पाय पडला की माणूस खल्लास. पुढं, बॅटरीवर चालते म्हणतात ती दोन स्टॉपात बंद पडते. पुढं, जगात एकट्या दुबईत शोसाठी ठेवलीय. आणि शेवटी, भारतात असलं कधी झालं नाही नि होणार नाही, जास्तीत जास्त शेअर करा.

आमच्या ग्रुपमधल्या एका अण्णांनी तो तीनदा टाकला. पहिल्या दोनदा गप्प बसलो, वयानं मोठे आहेत, खरं तिसऱ्यांदा "आपल्या इंजिनिअर लोकांनी उत्तर द्यावं" असं वर लिहून टाकला म्हटल्यावर आता राहवंना. मी इंजिनिअर नव्हे, आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात मेंटेनन्सला आहे, मोटारी, पॅनेल आणि क्रेन यातच अठरा वर्षं गेली, त्यामुळं करंट कुठनं येतो नि कुठं जातो एवढं कळतं.

आधी एक सांगतो. बिनतारेची ट्राम म्हणजे एकच प्रकार नव्हे. तार काढली तरी वीज कुठनं तरी घ्यावीच लागते की. एक तर ती रस्त्यातल्या पट्टीतनं घ्यायची, नाहीतर स्टॉपवर उभी असताना पटकन भरून घ्यायची, नाहीतर बॅटरी छतावर घेऊन फिरायची. कुठं कुठं यातले दोन एकत्र करतात. फॉरवर्डवाल्यानं काय केलंय, पहिल्याची भीती, दुसऱ्याचा दम आणि तिसऱ्याचं वजन एकाच गाडीच्या गळ्यात बांधलंय.

आता शॉकचं बघू, कारण सगळी घाबरलीत ती यालाच.

आमच्या शॉपमध्ये ओव्हरहेड क्रेन आहे, तिला करंट बसबारातनं, म्हणजे करंट असलेल्या लांब धातूच्या पट्टीतनं मिळतो, डीएसएल म्हणतात त्याला, क्रेनचा शू त्यावर घासत पळतो. तो बसबार कायम लाइव्ह असतो म्हणून उंचावर आणि झाकलेला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर तेच चित्र असणार, तोच बसबार काढून खडे बझारच्या रस्त्यात आडवा टाकला आणि वरनं म्हशी चालल्यात. तसं असतं तर अण्णांचं बरोबर होतं.

खरं तसं नसतंय. ही जमिनीतनं वीज द्यायची पद्धत फ्रान्सच्या बोर्दो शहरात २००३ ला सुरू झाली, एपीएस म्हणतात. दोन रुळांच्या बरोबर मध्ये तिसरी पट्टी, रस्त्याच्या लेव्हलला. ती पट्टी सलग नाही, ८ मीटरचा धातूचा तुकडा, मग ३ मीटर इन्सुलेटेड, परत ८, परत ३. जमिनीखाली पेट्या आहेत त्यात स्विचिंग. ट्रामच्या पोटाखालनं रेडिओचा कोड असलेला सिग्नल खाली जातो, तो ज्या तुकड्याला मिळाला तेवढाच तुकडा चालू होतो, आणि तोसुद्धा ट्रामनं पूर्ण झाकल्यावरच, शेपूट निघायच्या आत बंद. बाकीची सगळी पट्टी मेलेली, रिटर्नला म्हणजे करंट परत जायच्या बाजूला जोडलेली. ट्राम ५० च्या स्पीडला असली तर ११ मीटर जायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतं, तेवढाच एका तुकड्याचा खेळ. म्हणजे चालू तुकड्यावर पाय ठेवायचा असेल तर आधी चाळीस-पन्नास टनांच्या ट्रामखाली जावं लागतंय, आणि मग करंट हा तुमचा मुख्य प्रॉब्लेम राहत नाही.

आणि एखादा तुकडा बिघडला तर सिस्टीम त्याला बंद करून अर्थला बांधून ठेवते, ट्राम स्वतःजवळच्या छोट्या बॅटरीवर तेवढा पट्टा पार करते.

मी हे डोळ्यानं बघितलंय. भावोजी दुबईला आहेत, त्यांच्याकडं गेलो होतो तेव्हा बाकीची मंडळी मॉलमध्ये आणि मी मरीनाला ट्रामच्या रुळाकडं बघत उभा, बायको म्हणाली इथं येऊन पण तुम्ही शॉप फ्लोअरच बघणार का. तिथं स्टेशन बंद काचेचं, आत एसी, ट्राम आली की प्लॅटफॉर्मचं दार आणि गाडीचं दार समोरासमोर उघडतं, नोल कार्ड, म्हणजे तिथलं प्रवासाचं कार्ड, प्लॅटफॉर्मवरच्या मशीनला टॅप करून आत जायचं आणि उतरल्यावर परत टॅप करायचं, विसरला तर पैसे जास्त कटतात. आत बसल्यावर वेगळं काही म्हणजे काही वाटत नाही, धक्का नाही, ठिणगी नाही. मजा बाहेर आहे. क्रॉसिंगला सिग्नल सुटला की लोकं त्याच मधल्या पट्टीवरनं चालत जातात, कोण पोराची गाडी ढकलत, कोण मोबाइल बघत, आणि थोड्या वेळानं त्याच पट्टीवरनं ट्राम ७५० व्होल्ट घेत निघून जाते. मी खाली वाकून तो इन्सुलेटेड तुकडा कुठं संपतो ते बघत होतो तर भावोजींनी कॉलर धरून मागं ओढलं, दंड होतंय म्हणाले.

हां, ७५० व्होल्ट डीसी. आपल्या मिरज-लोंढा लाइनीवर आता जी तार आलीय ती २५ हजार व्होल्ट एसी, फॉरवर्डमध्ये "हजारो व्होल्ट" लिहिलंय ते तिकडनं उचललेलं दिसतंय. ७५० पण माणूस मारायला पुरे आहे, त्यात वाद नाही.

मग पाऊस? इथं मात्र अण्णांना अर्धे मार्क. पट्टी ओली झाल्यानं कोण मरत नाही, बंद तुकडा ओला असला तरी बंदच. खरं पाणी साठून राहिलं तर सिस्टीम रुसते, गाडी थांबते. बोर्दोत सुरुवातीच्या काळात ही ट्राम इतकी बंद पडायची की गावची लोकं वैतागली होती, पाण्याचा निचरा हे त्यातलं एक दुखणं होतं. नंतर ती सुधारली आणि मग रॅन्स, आँजे, ऑर्लेआं, तूर अशी फ्रान्सचीच चार शहरं त्यावर आली. आपल्याकडं जुलैत गटारं तुंबून रस्त्याचा ओढा होतो, तिथं ही पट्टी टाकायची तर आधी गटार करावं लागेल, आणि गटार झालं तर मी ट्राम नसली तरी पेढे वाटीन.

आता बॅटरी दोन स्टॉपात संपते म्हणे. हिशोब करू, अवघड नाही.

माणसं भरून ट्राम धरा ५० टन. ती थांबलेली आहे, तिला ५० किमीच्या स्पीडला न्यायची. त्याला लागणारी ऊर्जा काढली तर येते सव्वा ते दीड युनिटच्या मध्ये. युनिट म्हणजे आपल्या लाइट बिलावरचं तेच युनिट. दोन किलोवॅटचा गीझर चाळीस मिनिटं चालवला की तेवढंच जातं. त्यातला बराच भाग पुढच्या स्टॉपला ब्रेक मारताना परत मिळतो, कारण मोटार तेव्हा जनरेटर होते. आणि स्पीड पकडल्यावर नुसतं ओढायला फार लागत नाही, लोखंडावर लोखंड आहे. आमच्याकडं कास्टिंगची ट्रॉली रुळावर आहे, दोन टन माल असला तरी एक माणूस पाठ लावून ढकलतो, तोच माल रबरी टायरच्या गाडीवर टाकला की चौघं लागतात आणि वर शिव्या.

म्हणून स्टॉप ते स्टॉप पुरवणं हे काय राक्षसाचं काम नव्हे. तैवानमधल्या काओश्युंगची ट्राम बघा, २०१५ ला चालू झाली, छतावर सुपरकपॅसिटर, म्हणजे वीज झटकन भरून घेणारा साठा, स्टॉपवर उभी राहिली की वरची पट्टी धरून पोटभर खाऊन घेते आणि निघते, दोन स्टॉपच्या मध्ये तार नाही आणि मधली पट्टी पण नाही. चीनच्या ग्वांगझूत २०१४ च्या शेवटी असलीच एक सुरू झाली. आता कोण म्हणेल वीस सेकंदात काय भरतंय डोंबल. वीस सेकंदात एक युनिट द्यायचं तर १८० किलोवॅट लागतात, ७५० व्होल्टला २४० अँपिअर. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतली इंडक्शन फर्नेस याच्यापेक्षा जास्त ओढते आणि ती रोज चालू आहे. (कपॅसिटर म्हटल्यावर पॅनेलमधला पॉवर फॅक्टरवाला डबा डोळ्यासमोर आणू नका, हे वेगळं जनावर आहे.)

घरातल्या भाषेत सांगायचं तर बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी, भरायला वेळ, खरं पुरते. सुपरकपॅसिटर म्हणजे कळशी, नळाला लावली की भरली, दोन घरं पुढं गेलं की रिकामी, मग पुढच्या नळाला परत लावायची. कळशी दोन घरात संपते म्हणून कळशी खोटी असं कोण म्हणत नाही.

टाकीवाले पण आहेत. फ्रान्सच्या नीस शहरात २००७ पासनं ट्राम दोन मोठ्या चौकांपुरता पँटोग्राफ, म्हणजे तार धरणारा छतावरचा हात, खाली घेऊन बॅटरीवर जाते आणि पलीकडं परत तार धरते. इंग्लंडच्या बर्मिंगहॅममध्ये २०१९ ला मधल्या गावठाणात तेच केलं. सिअॅटलमधली एक लाइन तर मला फार आवडते, चढाच्या दिशेला तारेवर आणि उताराच्या दिशेला बॅटरीवर, आपल्या सायकलवाल्यांची अक्कल.

याची खरी अडचण फॉरवर्डवाल्याला सुचलीच नाही, ती मी सांगतो. कळशीवाली ट्राम दोन स्टॉपच्या मध्ये अडकली तर काय? समजा गणपत गल्लीसारख्या रस्त्यात कुणीतरी "दोन मिनिटात येतो" म्हणून बोलेरो रुळावर लावून कुंदा घ्यायला गेला. ट्राम उभी, खरं आतला एसी चालू, लाइट चालू, दारं चालू, कळशी गळायलीय. रुळावरची गाडी, बाजूनं काढून पण घेता येत नाही. म्हणून अशा ट्रामला स्वतःचा वेगळा पट्टा लागतो, किंवा कपॅसिटरच्या जोडीला थोडी बॅटरी ठेवतात. बॅटरी म्हातारी होते, बदलायला पैसे लागतात, तो खर्च खरा आहे. जमिनीतली पट्टी साध्या तारेपेक्षा महाग पडते ते पण खरं आहे. यावर फॉरवर्ड लिहिला असता तर मी पण शेअर केला असता.

एकट्या दुबईतच, या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. दुबईची २०१४ ची, बोर्दोची तिच्या अकरा वर्षं आधीची. रिओत ऑलिंपिकच्या तोंडावर २०१६ ला आली, सिडनीत २०१९ ला जॉर्ज स्ट्रीटवर साधारण दोन किलोमीटर तार नाही. स्पेनमध्ये सेव्हिया नि सारागोसा. वर सांगितलेली आहेतच.

भारतात कधी झालं नाही, ही मात्र कमाल आहे. अण्णा, भारतातली पहिली इलेक्ट्रिक ट्रामच बिनतारेची होती! मद्रास, १८९५. दोन रुळांच्या मध्ये रस्त्यात एक फट, त्या फटीखाली नळी, नळीत वीज, आणि ट्रामचा हात त्या फटीतनं खाली जाऊन करंट घ्यायचा. मुंबईत विजेची ट्राम यायच्या बारा वर्षं आधी. लंडनमध्ये याच पद्धतीवर १९५२ पर्यंत ट्राम चालल्या, वॉशिंग्टनमध्ये १९६२ पर्यंत, कारण तिथं गावात डोक्यावर तारा नकोत असा कायदाच होता. मद्रासला मात्र पावसानं दणका दिला, नळीत पाणी भरलं, शेवटी तार ओढावी लागली आणि पुढं १९५३ पर्यंत ती तारेवरच पळाली. मुंबईची १९०७ पासनं १९६४ पर्यंत, तारेवरच.

म्हणजे पाऊस हा जुना वैरी आहे. अलीकडचं उदाहरण पण देतो, लपवून काय करू. चीनच्या झुहाई शहरात जमिनीतनं वीज घेणारी दुसरीच एक पद्धत लावली, ट्रामखालच्या चुंबकानं जमिनीतली लवचिक पट्टी वर उचलायची आणि तेवढ्यापुरता संपर्क करायचा. २०१७ ला सुरू, २०२१ ला बंद. सारखे बिघाड, प्रवासी कमी. तिथंसुद्धा पैसे बुडाले, ट्राम बुडाली.

ग्रुपवर एकानं विचारलं की एवढा खटाटोप कशाला, सरळ तार ओढावी. बोर्दोला जुन्या दगडी इमारतींसमोर तारांचं जाळं नको होतं. आपलं कारण वेगळं निघेल. शिवजयंतीच्या चित्ररथाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर एक पोरगा कायम बांबू घेऊन उभा असतो बघा, बांबूच्या टोकाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, गल्लीत शिरलं की "तार! तार!" म्हणून ओरडायचं आणि त्यानं ती अलगद उचलून महाराजांच्या टोपावरनं पलीकडं सोडायची. ते काम मी पाच वर्षं केलंय, एकदा तार निसटून हातातल्या बांबूला आग लागली तेव्हापासनं घरच्यांनी सोडायला लावलं. ती घराला जाणारी सर्व्हिस वायर होती, ढिली, उचलली जायची. ट्रामची तार ताणलेली असते, ती बांबूनं हलत नाही. बेळगावात ट्राम आणा असं मी म्हणत नाही, आधी बस वेळेवर येऊ दे. खरं आणायचीच झाली तर मिरवणुकीच्या वाटेवर तार नको, एवढं मात्र मीटिंगला येऊन सांगीन.

आणि अण्णा, शेवटचं. तो व्हिडिओ दहाव्या सेकंदाला थांबवा आणि मोठा करून बघा. ट्राम हिरवळीतनं येतीय, खाली दोनच रूळ आहेत, मध्ये पट्टी नाही. पुढं स्टॉपवर थांबल्यावर छताजवळ एक आडवी पट्टी आहे, ट्रामचा पँटोग्राफ वर जातो, निघताना खाली येतो. कळशीवाली आहे ती. तुम्ही ज्या रस्त्यात करंट आहे म्हणून तीनदा सावध केलंत, त्या रस्त्यात गवत आहे.