पाच मिनिटांत आलोच की!

परवा युरोपहून परत आलो. अकरा दिवस, सहा देश, बेचाळीस माणसं आणि एक बस. घरी कोल्हापुरात आल्या आल्या आधी तांबडा-पांढरा ओरपला, मग चौदा तास झोपलो आणि जागा झालो तो रागातच. राग कुणावर काढावा ते कळेना. तेवढ्यात गल्लीतल्या दोघांनी बातमी दिली, की दिवाळीत तेही सहकुटुंब निघालेत. "काय न्यायचं, तिकडं कसं वागायचं, जरा सांगा की."

सांगतो. तुम्हीही ऐका. आणि अगदी असंच करा.

बॅगेत कपडे कमी आणि चटणी जास्त भरा. चटणी म्हणजे आपली चटणी. उरलेला महाराष्ट्र तिला कांदा-लसूण मसाला म्हणतो, त्याला आपण काय करणार. भडंग माणशी दोन किलो. युरोपीय संघात बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, पेढेही त्यातच आले. पण नियम असतात ते पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी मटणाच्या लोणच्याची बरणी नेली होती. विमानतळावरच्या साहेबानं विचारलं, हे काय? काका म्हणाले, "पिकल." कसलं? "घरचं." बरणी गेली. पुढं चार दिवस काका सुतक पाळल्यासारखे जेवत होते.

हॉटेलात पाणी मागितलं की वेटर विचारतो, "गॅस ऑर नो गॅस?" लाजू नका, मोकळेपणानं सांगा. आमच्या एका काकूंनी सांगितलं, "आता जरा बरं हाय, सकाळी गोळी घेतली." त्या भल्या माणसानं मान डोलवली आणि फसफसणारी सोड्याची बाटली आणून ठेवली. काकूंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "ह्यानं तर वाढंलच की!" बिल साडेचार युरो.

इटलीत कॉफी मागाल तर बोंडल्याएवढ्या कपात तळाला घोटभर काळं काहीतरी येईल. उभ्यानं प्यायली तर एक दर, खुर्चीवर बसलात तर दुसरा, हे आधी कुणी सांगत नाही. म्हणून शहाणपणा करून 'लाते' मागा. इटालियनमध्ये लाते म्हणजे नुसतं दूध. मी मागितलं आणि कोमट दुधाचा पेला समोर आला. कोल्हापुरात गंगावेशीत म्हशीची धार डोळ्यांसमोर काढून घेणारा माणूस मी, त्या दुधाकडं बघून मला भरून आलं. शेजारच्या टेबलावरचा गोरा मात्र माझ्याकडं, या बाप्याला अजून अंगावरचं तुटलं नाही की काय, अशा नजरेनं बघत होता.

इटलीतल्या न्हाणीघरात कमोडच्या शेजारी तसंच दिसणारं दुसरं एक भांडं असतं. १९७५ सालच्या सरकारी नियमानं तिथल्या प्रत्येक घरात ते असावंच लागतं. त्याचा उपयोग काय, ते कुणालाही विचारू नका. आमच्यातल्या एकानं त्यात पाय धुतले, एकानं बनियन भिजवले. अकरा दिवस टिश्यू पेपरच्या नावानं शंख करणारी माणसं, देवानं शेवटी शेजारीच नळ दिला, तर त्यात बनियन!

मान आपली नेहमीसारखीच हलवा. हो नाही, नाही नाही, मधलंच काहीतरी. वेटर थाळी हातात धरून तुमच्याकडं बघत उभा राहील. राहू दे.

नाश्त्याच्या बुफेतल्या उकडलेल्या अंड्यांबद्दल मी बोलणार नाही.

आता वेळेचं. हे जरा नीट ऐका.

आमचा टूर मॅनेजर म्हणजे पंचविशीतलं पुण्याचं पोरगं. रोज रात्री माईक हातात घेऊन सांगायचं, "उद्या सकाळी बरोब्बर सातला बस निघेल." यावर घाबरून जाऊ नका. सातला खोलीतून निघायचं. लिफ्टपाशी आल्यावर चार्जर आठवायचा. परत वर जायचं. खाली आल्यावर आपली बॅग डिकीत गेली का, ती कुणाच्या बॅगेखाली गेली, वरती का नाही गेली, याची चौकशी करायची. मग बसमध्ये चढून, काल खिडकीला कोण बसलं होतं याचा निवाडा. एवढ्यात कुणी घड्याळ दाखवलंच तर म्हणायचं, "पाच मिनिटांत आलोच की!" आपल्याकडं 'आलोच' म्हणणारा माणूस अजून अंघोळीला जायचा असतो, हे आपल्याला आईच्या पोटातूनच ठाऊक असतं. आमचा ड्रायव्हर पडला पोलंडचा. त्याला सगळे प्रेमानं 'मामा' म्हणायचे. मॅनेजरनं मामाला सांगितलं, 'फाइव्ह मिनिट्स'. मामानं हातातल्या घड्याळात खरोखरच पाच मिनिटं मोजली आणि इंजिन चालू केलं. बसमध्ये हशा पिकला. "मामाला लई घाई!"

मामाला घाई नव्हती. मामाच्या स्टिअरिंगजवळ एक यंत्र होतं, टॅकोग्राफ म्हणतात त्याला. सकाळी ड्रायव्हरनं आपलं कार्ड त्यात सरकवलं, की त्याचा दिवस मोजायला सुरुवात. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबायचं. दिवसात नऊ तासांवर चालवायची नाही, आठवड्यातून दोनदा फार तर दहा. चोवीस तासांत सलग अकरा तास विश्रांती घ्यायचीच. म्हणजे सकाळी सातला कार्ड सरकवलं तर रात्री आठला दुकान बंद. ही विश्रांती नऊ तासांवर आणता येते, पण एका साप्ताहिक सुट्टीपासून दुसरीपर्यंत फक्त तीनदा. हे सगळं मॅनेजरनं पहिल्याच दिवशी माईकवर सांगितलं होतं. तेव्हा मागच्या सीटवर भडंग वाटणं चालू होतं.

त्या तीन सवलती आम्ही कशा वापरल्या ते सांगतो. पहिली पॅरिसला, अत्तराच्या दुकानात. दुसरी ब्रुसेल्सला, चॉकलेटं घेण्यात. तिसरी ल्युसर्नला, घड्याळाच्या दुकानात. घड्याळं घ्यायला गेलेली माणसं ठरल्यापेक्षा दीड तास उशिरा आली. मी हे रचून सांगत नाही.

मग आलं पिसा. पिसाला गेलात की दिलेल्या वेळात अजिबात निघू नका. ११७३ साली बांधायला घेतलेला तो मनोरा, तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला तोवर जमीन खचून कलायला लागला, आणि तेव्हापासून तुमच्या हाताच्या आधाराची वाट बघत उभा आहे. आधी त्याला एका हातानं थोपवायचं. मग दोन हातांनी. मग पाठ लावून. मग बायकोनं थोपवायचं. आमच्यातल्या एकानं शड्डू ठोकून मनोऱ्याला धोबीपछाड घातल्याचा फोटो काढला. तो सतराव्या वेळी जमला, कारण आधीच्या सोळा वेळा कुणा जपानी बाईचा हात मध्ये येत होता. बस लांबच्या तळावर उभी, अडीचला निघायचं ठरलेलं. मॅनेजर पोरगं हात जोडत फिरत होतं, तर शड्डूवाले म्हणाले, "थांब की जरा. मनोरा पळून चाललाय व्हय?"

मनोरा नव्हता पळत. वेळ पळत होती. निघालो चार वीसला. वाटेत चहाला वीस मिनिटं थांबलो, ती पन्नास झाली.

आता माझा त्यात काय स्वार्थ होता, तेही सांगतो. फ्लॉरेन्सला मला एकच गोष्ट बघायची होती. मायकेलअँजेलोचा डेव्हिड नव्हे. तिथं कास्चिने नावाची मोठी बाग आहे, आणि तिच्या पश्चिमेच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, आपल्या राजाराम महाराजांची छत्री, म्हणजे स्मारक, आहे. कोल्हापूरच्या विमानतळाला नाव दिलंय ते राजाराम महाराज नंतरचे. हे दुसरे राजाराम, शाहू महाराजांच्याही आधीचे. १८७० साली, समुद्र ओलांडायला लोक कचरत त्या काळात, हे इंग्लंडला गेले. जे पाहिलं ते लिहून ठेवलं. ती रोजनिशी १८७२ साली लंडनला छापली गेली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथंच गेले. वय वर्षं वीस. त्या मुलखात तेव्हा दहनाची रीत नव्हती. खास परवानगी काढावी लागली. आणि बरोबरच्या माणसांनी परक्या गावात जागा शोधली ती दोन नद्यांच्या संगमाची. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या संगमावर उभं राहिलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. १८७४ साली तिथं घुमटाखाली त्यांचा रंगवलेला अर्धपुतळा बसवला. शंभर वर्षांनी जवळच नदीवर मोठा पूल झाला, त्याला फ्लॉरेन्सवाले 'इंदियानो' म्हणतात. इंदियानो म्हणजे तो हिंदी माणूस. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीला मी नंतर विचारलं, "इंदियानो?" ती म्हणाली, "तिकडं जाऊ नका, फार ट्रॅफिक असतं." तो इंदियानो आमचा राजा होता, हे मी तिला इंग्रजीत सांगितलं. तिला वाटलं, मी पुलाबद्दल तक्रार करतोय.

ही छत्री आमच्या कार्यक्रमात नव्हती. मी पाच दिवस मॅनेजरच्या मागं लागून वीस मिनिटं मागून घेतली होती. मामालाही नकाशा दाखवून ठेवला होता. मामा हो म्हणाला होता.

फ्लॉरेन्सला पोचायला पावणेसात. मॅनेजरनं माईक घेतला. "आठला मामांचं कार्ड बंद होतंय. छत्री किंवा जेवण, एकच होईल. जेवण सोडलं तर पाकिटं मागवून खोलीवर देतो. छत्रीसाठी हात वर करा."

मागून एक जण म्हणाला, "छत्री कशाला? पाऊस कुठं हाय?" दुसरा म्हणाला, "लागली तर माझ्याकडं जादाची हाय." हसण्यानं बस हलली.

तीन हात वर झाले. एक माझा, एक बायकोचा, एक लोणच्याच्या बरणीवाल्या काकांचा. छत्रपतींच्या छत्रीला तीन मतं. पनीर बटर मसाल्याला एकोणचाळीस.

त्या जेवणातही गुलाबजाम संपले म्हणून अर्धा तास हुज्जत चालली. बस निघाली तेव्हा आठ वाजायला दहा मिनिटं होती आणि हॉटेल अर्ध्या तासावर. बस जरा पुढं गेली आणि शड्डूवाल्यांना रस्त्यात फ्रिजवर चिकटवायच्या मॅग्नेटांचं दुकान दिसलं. उठून पुढं गेले, वीस युरोची नोट मामाच्या खांद्यावरून पुढं धरली. "मामा, चहापाण्याला. घ्या जरा बाजूला, पाच मिनिटांत आलोच." मामानं एका हातानं ती नोट परत त्यांच्या शर्टाच्या खिशात घातली. तोंडातून शब्द नाही. हॉटेलच्या दारात बस उभी केली आणि आधी यंत्राचं बटण दाबलं. एसटीच्या तिकिटासारखी कागदाची पट्टी खरखर बाहेर आली. मामानं ती स्टिअरिंगवर ठेवून सपाट केली आणि पाठीमागं बॉलपेननं काहीतरी लिहायला लागला. वेळ का चुकली, ते तिथं ड्रायव्हरनं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं असतं. चौकशी झाली तर उत्तर त्यानं द्यायचं. आम्ही बेचाळीस जण त्याच्या शेजारून उतरत होतो आणि तो मान खाली घालून लिहीत होता. शड्डूवाले पायरीवरून उतरता उतरता म्हणाले, "लई माज हाय ह्याला."

माज? त्याला? अकरा दिवस तुमच्या बॅगा उचलणाऱ्याला? तुमच्या दीड-दीड तासांचा हिशेब स्वतःच्या नावावर लिहून देणाऱ्याला? अहो, वीस युरो दाखवून तुम्ही त्याची झोप विकत घेत होता. आणि त्याची झोप म्हणजे दुसऱ्या दिवशी डोंगरातल्या बोगद्यांतून जाताना तुमच्या पोराबाळांचा जीव होता. एवढं साधं कळत नाही? रोज सकाळी बस सुटली की 'जगात भारी कोल्हापुरी' म्हणून ओरडत होता, नाही का? लाज नाही वाटली? अख्ख्या युरोपात कोल्हापूरचा म्हणावा असा एकच दगड आहे, तो दोन-चार किलोमीटरवर होता आणि तुम्ही पनीर खात बसलात! वीस वर्षांचं पोरगं घरापासून एवढ्या लांब मेलं, त्याच्या पायाशी दोन फुलं ठेवायला वीस मिनिटं मागितली होती मी. वीस! तुमच्या सतराव्या फोटोला त्याहून जास्त लागली.

आता त्या शड्डूवाल्यांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलंय, पुढच्या वर्षी जपान करायचं का. तिथल्या गाड्या सेकंदावर सुटतात म्हणे. जा. खुशाल जा. स्टेशनावर उभं राहून सांगा त्या गाडीला, आलोच म्हणून.

बायको म्हणते, एवढं ओरडताय, ल्युसर्नला त्या दुकानात रांगेत तुम्हीही होता की. होतो. पाऊण तास होतो. घड्याळ हातात आहे, आणि अजून एक मिनिटही मागंपुढं झालेलं नाही.