ओटीचा नारळ

मोठं काही ठरवायचं असलं की आमच्या गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या जातात आणि आपण हात जोडून उभं राहायचं. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर गुपचूप घरी. फोंड्यात आमच्या दारात असा कौल रोज सकाळी लागतो. फक्त समोर देव नसतो, मॉरिस मायनर असते. किल्ली फिरवायची, चोक ओढायचा, स्टार्टरची मूठ ओढायची आणि श्वास धरायचा. धरलं इंजिन, तर उजवा कौल. नाही धरलं, तर मी स्कूटर काढतो. स्कूटर आधीच अंगणात तोंड फिरवून ठेवलेली असते, हे शेजाऱ्यांनी माझ्या श्रद्धेविरुद्ध वापरलेलं पुरावादाखल वाक्य आहे.

गाडी मामाची. मामा पेडण्याला शाळामास्तर होता. १९५९ सालची मायनर १०००, चार दारांची. ९४८ सीसी आणि ३७ अश्वशक्ती. त्यातले बरेचसे अश्व आता निवृत्त झाले असावेत, पण पेन्शन मीच देतो. मामा सांगायचा, की पोर्तुगीज अमदानीच्या शेवटच्या वर्षांत खाणीचा पैसा खेळायला लागला आणि गोव्यात विलायती मोटारी धडाधड उतरल्या. घाटापलीकडे माणसं एका गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायची, आणि इकडे भाटकार, म्हणजे मोठे जमीनदार, रंग पसंत करत होते. त्यात आणखी एक सोय झाली होती. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची बाजू बदलून उजवी केली, पण गोव्याला डावीकडेच राहू दिलं. त्यामुळे इंग्रजांची उजव्या स्टिअरिंगची गाडी पोर्तुगिजांच्या राज्यात बिनतक्रार चालली. मुक्तीनंतर गाडीचा भाटकार लिस्बनला गेला आणि मागे राहिलेली मोटार फिरत फिरत मामाकडे आली.

मामा गेल्यावर ती पडवीत उभी राहिली. वर्षभराने मामीचा फोन आला. "तुझ्या मामाची गाडी घेऊन जा रे बाबा. कोंबड्या अंडी घालतायत तीत."

यात मामीची चूक नव्हती आणि कोंबड्यांची तर मुळीच नव्हती. १९४८ साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांपुढे आली, त्याआधीच कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड तिला नाक मुरडून 'पोच्ड एग', म्हणजे पाण्यात फोडून शिजवलेलं अंडं, म्हणाले होते. खुद्द मालकाने अंडं म्हटल्यावर पेडण्याच्या कोंबडीने आणखी कोणता विचार करायचा? मी गेलो तेव्हा मागच्या सीटवर तीन होती. मामीने ती पदरात घेतली आणि गाडी माझ्या पदरात घातली.

या अंड्याची आणखी एक गंमत आहे. गाडी आखणारे अलेक इसिगोनिस यांना ऐन वेळी ती फारच अरुंद वाटायला लागली. म्हणून त्यांनी नमुन्याची गाडी मधोमध उभी चिरायला लावली, दोन्ही तुकडे लांब सरकवत नेले आणि चार इंचांवर 'आता बरी दिसते' म्हणाले. बंपर तोवर तयार होऊन पडले होते. मग सुरुवातीच्या गाड्यांचे बंपरही कापून मध्ये पट्टी जोडली. बॉनेटच्या मधोमध सपाट पट्टा आहे तो त्याच चार इंचांचा. आमच्याकडे भावाभावांच्या वाटणीत घर मधोमध कापतात, माजघरात भिंत उभी राहते आणि दोन्ही बाजू अरुंद होतात. वाटणी करून रुंद झालेली वस्तू मी ही एकच पाहिली.

आणि लोकांना ती आवडली. १९६० च्या अखेरीस दहा लाखांचा आकडा गाठणारी ही पहिली ब्रिटिश मोटार. हे मी बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, "बाकीचे नऊ लाख नव्व्याण्णव हजार लोक आता काय करतात?"

मी काय करतो ते सांगतो. मी मेस्ताकडे, म्हणजे मिस्त्रीकडे, जातो.

आमचा मेस्त माणूस सोन्यासारखा. गाडी बघताच त्याने बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावला. "पात्रांव, इंजिन बरें आसा. कांय जावचें ना. फाल्यां यो." फाल्यां म्हणजे उद्या, असं शब्दकोशात आहे. मेस्ताच्या तोंडी फाल्यां हा काळ नसून दिशा आहे. तिकडे बघत राहायचं असतं. तरी त्याचा दोष कमी. त्याच्याकडे पान्यांची भरलेली पेटी आहे, पण सगळे मिलिमीटरमधले. हिचे नट इंचातले. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. बाराचा पाना बसत नाही, तेराचा बसतो आणि नटाचे कोपरे गोल करून सुटतो. शेवटी मी इंची पान्यांचा एक संच मिळवला. तो आता आमच्या देवघराच्या खालच्या कप्प्यात असतो, कारण घरात तेवढी एकच जागा अशी आहे जिथे मुलगा विचारल्याशिवाय हात घालत नाही.

या मुलाने एकदा हौसेने गाडीत मोबाइलचा चार्जर बसवला. लाल वायर प्लसला, काळी बॉडीला, जशी जगात सगळीकडे जोडतात तशी. हिची अर्थिंग मात्र प्लसला. म्हणजे गाडीचा अख्खा पत्रा प्लस, आणि वायरीतून येतं ते मायनस. चार्जरने एक बारीक निळा धूर सोडला आणि प्राण सोडला. मुलगा तेव्हापासून गाडीत बसताना खिडकीबाहेर बघतो, जणू आमची ओळख नाही.

ब्रेक ऑइल घालायचं तर बॉनेट उघडून उपयोग नाही. ड्रायव्हरच्या पायाखालची चटई काढायची, पत्र्याचं झाकण काढायचं आणि जमिनीत तेल ओतायचं. पहिल्यांदा शेजारच्या काकूंनी मला हे करताना पाहिलं तेव्हा त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "बरे आहेत ना हे?" इंजिनच्या मागच्या टोकाला तेल अडवायला रबरी सील नाही. तिथे फिरत्या दांड्यावर नुसते आटे कोरलेले आहेत, तेल परत आत ढकलायला. इंजिन फिरतं तोवर ते ढकलतात. थांबलं की तेल विचार करतं, आणि बाहेर येतं. खाली मी पुठ्ठा ठेवतो. मेस्त तो पुठ्ठा उजेडात धरून डागांची जन्मपत्रिका वाचतो. कुठला ग्रह कुठल्या घरात गळतोय ते त्याला बरोबर कळतं, शांत कशी करायची तेवढं सांगत नाही.

वळताना हात दाखवायला हिला दिवे नाहीत, पंख आहेत. पुढच्या आणि मागच्या दाराच्या मधल्या खांबातून वीतभर लांबीची केशरी पट्टी टक् करून बाहेर येते. यायला हवी. पावसाळ्यात ती आत अडकते, नाहीतर बाहेर येऊन तशीच राहते. एकदा म्हापशाला एक पायलट मागून येऊन माझ्या बाजूला थांबला. हे मोटारसायकल टॅक्सीवाले सगळ्या जगाला रस्ता दाखवतात, तर म्हणाला, "पात्रांव, तुमच्या गाडीचं काहीतरी उघडं राहिलंय," आणि परोपकाराने ती पट्टी दाबून आत घालून निघून गेला. मी उजवीकडे वळणार होतो. वळलो नाही.

गंजाबद्दल बोलत नाही. समुद्र जवळ आणि चार महिने कोसळणारा पाऊस. गोव्यात माणूससुद्धा कडेने गंजतो.

सरकारने मात्र आम्हाला समजून घेतलं, हे कबूल केलं पाहिजे. २०२१ सालचे नियम आहेत. पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदता येते, वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अट एवढीच, की अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. आणायची ती प्रदर्शनासाठी, पेट्रोल भरण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी. मी नियम दोनदा वाचला. माझी गाडी याशिवाय कधी कशासाठी बाहेर पडली ते मला आठवेना. ही अट लिहिणाऱ्या अधिकाऱ्याकडे नक्की एक मायनर असणार.

पेट्रोलचंही तेच. आता त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. गोव्यात इतकी वर्षं काढून अखेर गाडीसुद्धा प्यायला लागली. तिला मात्र झेपत नाही. जुन्या रबरी नळ्या आतून भुसभुशीत होतात, आणि सकाळी तिच्याजवळ गेलं की असा वास येतो, की शेजारी माझ्याकडेच बघतात.

तर गेल्या मे महिन्यात रायबंदरला साडूच्या नातीचं बारसं होतं. मी सकाळी सहज कौल लावला आणि उजवा मिळाला. बायकोने स्कूटरकडे पाहिलं, आपल्या पैठणीकडे पाहिलं, आणि मायनरमध्ये बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत खण, तांदूळ, ओटीचा नारळ.

फर्मागुडीचा चढ ती चढली. खरंच चढली. दुसऱ्या गिअरमध्ये, मागे अकरा गाड्या आणि कदंबची एक सरकारी बस घेऊन, पण चढली. उतारावर मला गाणं सुचायला लागलं होतं. म्हार्दोळला आल्यावर ती दोनदा खोकली आणि थांबली. उन्हाची वेळ. मी किल्ली फिरवली आणि कान दिला. एरवी किल्ली फिरवली की बॉनेटखाली पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप टक टक टक करतो. आता चिटपाखरू नाही.

गोव्यात जुनी गाडी बंद पडली की मालकाला एकटेपणा वाटू देत नाहीत. दोन मिनिटांत सात माणसं. एक म्हणाला, ऊन लागलंय, पेट्रोलची वाफ झाली, ओलं फडकं घाला. दुसऱ्याने फडकं आणलंसुद्धा. तिसऱ्याने हँडल मागितलं. पुढून हँडल घालून इंजिन हाताने फिरवता येतं. फक्त अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, वेढा घालायचा नाही. उलटा झटका आला तर मोडतो. मामा म्हणायचा, "इंग्रजाला अंगठा देऊ नये. ज्यांनी दिला त्यांची संस्थानं गेली." चौथा गाडीकडे न बघता आभाळाकडे बघत म्हणाला, "म्हज्या पायकडेन अशीच गाडी आशिल्ली." हा माणूस प्रत्येक ठिकाणी असतो. याच्या बापाकडे अशीच गाडी होती, ती त्याने अमुक सालात फुकट दिली, आणि आता तो रडतो. त्याचं रडून होईपर्यंत बाकीच्यांना थांबावं लागतं.

मला रोग ठाऊक होता. त्या पंपात दोन इवलेसे पॉइंट असतात, चहाच्या दाण्याएवढे. ते जळून काळे पडले की चिकटून बसतात किंवा भेटायचंच सोडतात. इलाज एकच. पंपाला एक टोला द्यायचा. लाकडी, मध्यम, मनात राग न धरता. माझा लाकडी हातोडा घरी राहिला होता. पाना लोखंडी, पंप पोचला असता. चप्पल रबरी, तिने दोनदा हाणलं तर पंपाला पाठ थोपटल्यासारखं वाटलं असावं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि माझी नजर पिशवीवर गेली.

"अहो, तो ओटीचा आहे," बायको म्हणाली.

"एकच टोला."

"मी सांगून ठेवते."

मी नारळ शेंडीला धरला आणि पंपावर आपटला. दोन गोष्टी एकदम झाल्या. पंप टक टक टक करायला लागला आणि नारळ फुटला. पाणी गरम इंजिनवर सांडून चर्र झालं, वाफ उठली. क्षणभर कोणी बोललं नाही. रस्त्याच्या कडेला आबोलीच्या फात्या, म्हणजे गजरे, घेऊन बसलेली म्हातारी हळूच उठली, गाडीपुढे आली, हात जोडले आणि म्हणाली, "बरें केलें रे पुता, नाल्ल फोडलो तो." मग तिने एक फाती बॉनेटवर घातली आणि तिचे चाळीस रुपये मागितले. खोबऱ्याचे तुकडे सात जणांत वाटले गेले. ज्याच्या बापाकडे अशीच गाडी होती त्याने दोन घेतले.

नवा नारळ म्हातारीनेच दिला. बारसं उरकलं. नाव काय ठेवलं ते आम्हाला जेवणाच्या पंगतीत कळलं, कारण आम्ही पोचलो तेव्हा पाळणा हलून थांबला होता. बायको परतीच्या वाटेवर खोर्लीपर्यंत बोलली नाही. पुढे बाणस्तारीच्या पुलावर एवढंच म्हणाली, की गाडीत कायमचा एक नारळ ठेवायचा, आणि तो तिच्या पिशवीत नसेल.

आता ठेवतो. म्हातारीशीही ओळख झालीय. येता-जाता विचारते, नाल्ल आहे ना?

परवा तिथूनच येत होतो तर एक चकचकीत नवी गाडी दिवे मिचकावत कडेला उभी. पुण्याची मंडळी. कंपनीला फोन झाला होता, टोइंगची गाडी दोन तासांनी येणार होती. मालक तरुण होता, घामाघूम. त्याच्या हातात नारळ होता. शेजारी म्हातारी, आणि चेहऱ्यावर एवढा विश्वास, की मला थांबावंच लागलं.

"काका," तो म्हणाला, "या आजी म्हणतात की तुम्हाला माहितीये. कुठे आपटायचा?"

मी उतरलो, बॉनेट उघडलं आणि वाकलो. आत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळं प्लास्टिकचं झाकण. मी या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं. आपटण्याजोगं काही दिसेना.

मागून बायकोचा आवाज आला. "अहो, आपली चालू ठेवलीत ना?"

नव्हती ठेवली.