‘गरिबांच्या घरांना इन्सुलेशन म्हणजे पैशांची उधळपट्टी’: त्या फॉरवर्डला मुद्द्यागणिक उत्तर

यूकेतल्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय, आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाईकांकडे जाऊन तोच परत इकडेही येतोय. सार एवढंच की ब्रिटनमधली फ्युएल पॉव्हर्टी, म्हणजे घर पुरेसं उबदार ठेवणं न परवडणं, हे थोतांड आहे, थंडी वाजली तर स्वेटर घाला, गरिबांच्या घरांना फुकट इन्सुलेशन, म्हणजे भिंती-छपरातून ऊब बाहेर जाऊ नये म्हणून लावायचं आवरण, लावून काही होत नाही हे केंब्रिजनेच सिद्ध केलंय, जे लावलं त्यातलं ९८ टक्के काम फेल गेलंय, त्यापेक्षा पैसे सरळ लोकांच्या खात्यात टाका. लिहिणारा अडाणी नाहीये. आकडे बरेचसे खरे आहेत, आणि म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं, कारण खऱ्या आकड्यांच्या आडून चुकीचा निष्कर्ष आला की तो पटकन गळी उतरतो.

‘फ्युएल पॉव्हर्टी वगैरे काही नसतं, लोकांना बजेट करता येत नाही’

इंग्लंडमध्ये सरकार जसं मोजतं त्यात दोन अटी एकत्र लागतात. घराचं एनर्जी रेटिंग, म्हणजे ईपीसी (ए सगळ्यात चांगलं, जी सगळ्यात वाईट), डी किंवा त्याखाली पाहिजे, आणि घरभाडं किंवा हप्ता आणि घर नीट उबदार ठेवायला लागणारं बिल वजा केल्यावर हातात जे उरतं ते दारिद्र्यरेषेच्या खाली गेलं पाहिजे. नुसता पगार बघत नाहीत, घर कसं आहे तेही बघतात. या हिशोबाने २०२४ मध्ये इंग्लंडमधली २७ लाख ३० हजार कुटुंबं, म्हणजे ११ टक्के, यात येतात. आणि ही व्याख्या तशी चिक्कूच आहे बरं का, घर सी रेटिंगचं असलं की बिल भरता भरता जीव मेटाकुटीला आला तरी तुम्ही मोजणीत नाही. स्कॉटलंड वेगळं मोजतं. तिथे घरखर्च वजा जाता उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे इंधनालाच लागत असतील आणि उरलेल्यात धड भागत नसेल तर ते कुटुंब धरतात, आणि तिथला २०२३ चा आकडा आहे ३४ टक्के.

बजेटचं म्हणाल तर प्रीपेमेंट मीटरवर, म्हणजे आधी पैसे भरले तरच गॅस-वीज देणाऱ्या मीटरवर, घर चालवणाऱ्या बाईइतकं काटेकोर बजेट आपल्यापैकी कोणी करत नसेल. दुकानात जाऊन दहा पौंडांचं टॉप-अप, ते संपलं की इमर्जन्सी क्रेडिट, तेही संपलं की घर गार. कनेक्शन तोडलेल्यांच्या आकड्यात ती दिसतही नाही, कारण कागदोपत्री तिचं कनेक्शन कोणी तोडलेलंच नसतं, तिने टॉप-अप केलं नाही एवढंच.

‘स्वेटर घाला, आम्ही नाही का घालत’

घालतातच हो. कोट घालून झोपणारी माणसं आहेत इथे. पण स्वेटरने भिंत गरम होत नाही ना. घरात चार माणसं श्वास घेतात, अंघोळी होतात, कुकरच्या शिट्ट्या होतात, बाहेर पाऊस म्हणून कपडे रेडिएटरवर वाळत पडतात, ही सगळी वाफ घरातच फिरते आणि जिथे गार पृष्ठभाग भेटेल तिथे तिचं पाणी होतं, कपाटामागचा कोपरा, खिडकीच्या वरची पट्टी, उत्तरेकडची बाहेरची भिंत. काळी बुरशी नेमकी तिथेच धरते. तुम्ही तीन स्वेटर घाला नाहीतर पाच, त्या कोपऱ्याला काही फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरातलं तापमान थंडीत किमान १८ अंश असावं असं सांगितलं ते उगाच नाही, गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, म्हाताऱ्या माणसांना हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका वाढतो, दमेकऱ्यांचे तर हालच.

रॉचडेलचा अवाब इशाक आठवतो का? दोन वर्षांचं पोर, डिसेंबर २०२० मध्ये गेलं, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, कारण सांगितलं ते घरातली बुरशी. वडील २०१७ पासून तक्रार करत होते, तेव्हा त्यांना बुरशीवर रंग मारा म्हणून सांगितलं गेलं होतं. आणि त्या कुटुंबाच्या राहणीबद्दल आपण मनानेच गृहीत धरलं हे त्या हाउसिंग संस्थेने नंतर कबूल केलं. त्या घरात मुख्य दोष व्हेंटिलेशनचा होता, इन्सुलेशनचा नव्हे, हेही सांगून टाकतो, कारण पुढच्या एका मुद्द्यात ते लागणार आहे. त्याच्या नावाचा, ओल-बुरशीची दखल ठरावीक मुदतीत घ्यायला लावणारा कायदा सोशल हाउसिंगसाठी, म्हणजे कौन्सिल आणि हाउसिंग संस्थांच्या भाड्याच्या घरांसाठी, २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय. आपल्या लोकांनी ही केस लक्षात ठेवावी, कारण ‘तुमचं कुकिंगच तसं आहे’ हे वाक्य घरमालकाकडून कधीही ऐकायला मिळू शकतं. एक्झॉस्ट फॅन लावा, झाकण ठेवून शिजवा, सगळं खरं, पण आमटी उकळली म्हणून भिंत ओली होत असेल तर भिंतीकडेही बघायला नको का.

‘केंब्रिजने सिद्ध केलंय की इन्सुलेशनने काही वाचत नाही’

मेसेजचा खरा दम या मुद्द्यात आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

अभ्यास खरा आहे. क्रिस्टिना पेनास्को आणि लॉरा दियाझ अनाडोन या दोघींचा, २०२३ मध्ये आला. इंग्लंड-वेल्समधल्या ५५ हजारांहून जास्त घरांचा गॅसचा वापर त्यांनी बरीच वर्षं मागे-पुढे जाऊन तपासला. दुहेरी भिंतींमधली पोकळी भरली की पहिल्या वर्षी गॅस सरासरी ७ टक्क्यांनी कमी, दुसऱ्या वर्षी ती बचत २.७ टक्क्यांवर, चौथ्या वर्षापर्यंत जवळजवळ काहीच नाही. लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, इन्सुलेशनचे रोल टाकले तर त्याहून कमी. आणि गरीब वस्त्यांमध्ये तर बचत दिसलीच नाही. मेसेजवाला इथे विजयी मुद्रेने थांबतो.

पण मोजलं काय? गॅस. घरात ऊब किती होती ते मीटरला कळत नाही. समजा एक आजी महिन्याला ६० पौंडच गॅसवर घालू शकते, त्याहून एक पेनी जास्त नाही, आणि तेवढ्यात ती एकच खोली कशीबशी १५ अंशांवर ठेवते, बाकी घर बंद. इन्सुलेशन झालं. आता त्याच ६० पौंडांत बेडरूम आणि बाथरूमही उबदार राहते. मीटरवर आकडा तोच! अभ्यासाच्या तक्त्यात या घराची बचत शून्य, पण आजीचं आयुष्य बदललं की नाही? गरिबाकडे वाचवायला मुळात गॅसच नव्हता, तो आधीच काटकसरीने काकडत होता. मिळालेली बचत त्याने ऊब म्हणून वापरली, आणि स्कीम त्यासाठीच तर होती. असं होत असावं हे खुद्द त्या अभ्यासकांनीही सांगितलंय, ते मेसेजमध्ये का आलं नाही कुणास ठाऊक.

सुखवस्तू घरांचं वेगळं. तिथे इन्सुलेशनच्या जोडीने किचन वाढवलं जातं, मागे काचेची कॉन्झर्व्हेटरी येते, आणि ती खोली गरम करण्यात सगळी बचत जाते, हेही अभ्यासात आहे. तुमचा हेतू कार्बन कमी करायचा असेल तर ही बातमी वाईटच, नुसत्या इन्सुलेशनवर विसंबू नका एवढा धडा त्यातून घ्यावा लागेल. पण फ्युएल पॉव्हर्टी हटवायची असेल तर हाच अभ्यास मेसेजच्या विरोधात जातो.

ऊब थेट मोजलेला अभ्यास पाहिजे तर न्यूझीलंडचा बघा. फिलिपा हाउडन-चॅपमन आणि सहकाऱ्यांनी कमी उत्पन्नाच्या सात वस्त्यांमधली १३५० इन्सुलेशन नसलेली घरं घेतली, प्रत्येक घरात कोणाला तरी श्वासाचा त्रास होता, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी घरं दोन गटांत वाटली, एका गटाला आधी इन्सुलेशन आणि दुसऱ्याला अभ्यास संपल्यावर. २००७ मध्ये निकाल छापून आले. बेडरूमचं सरासरी तापमान वाढलं फक्त अर्धा अंश, ऐकून हसाल, पण दमटपणा कमी झाला, छातीची घरघर कमी झाली, मुलांची शाळा बुडण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. आणि गंमत म्हणजे या घरांचा ऊर्जावापर दुसऱ्या गटापेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने कमी निघाला, म्हणजे ‘काहीच वाचत नाही’ हेही सगळीकडे खरं नाही. यानंतर तिथल्या सरकारने २००९ मध्ये देशभर इन्सुलेशनची योजना काढली.

‘९८ टक्के काम फेल, ऑडिटनेच सांगितलं’

हो, सांगितलं. सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसचा रिपोर्ट, ऑक्टोबर २०२५. पण ९८ टक्के कशाचे ते वाचा की राव. अलीकडच्या दोन सरकारी स्कीममध्ये ज्या घरांना बाहेरून भिंतीवर इन्सुलेशन लावलं, साधारण २२ ते २३ हजार घरं, त्यांच्यापुरता तो आकडा आहे. आतून भिंतीला लावलेल्यांत २९ टक्के. लॉफ्टचे रोल, पोकळ भिंती भरणं, दारं-खिडक्यांच्या फटी बुजवणं, हे त्यात नाही.

तरी सारवासारव करायची नाहीये मला, प्रकार संतापजनकच आहे. काही घरांत वीजवाहू वायरी उघड्या, काही ठिकाणी बॉयलरचं व्हेंटच बंद करून टाकलेलं, म्हणजे जिवाशी खेळ. आणि हे पहिल्यांदा होतंय असंही नाही. प्रेस्टनच्या फिशविक भागात २०१३ च्या सुमारास साडेतीनशेच्या आसपास घरांना असंच बाहेरून इन्सुलेशन लावलं होतं, पाणी आत शिरलं, प्लास्टर सुटलं, बुरशी आली. व्हिक्टोरियन काळातली सलग विटांची भिंत पाऊस शोषते आणि सावकाश वाळते. तिला बाहेरून बोर्ड लावायचे तर वरचं छप्पर पुढे काढावं लागतं, खिडक्यांच्या कडा बंद कराव्या लागतात, पन्हळी हलवाव्या लागतात. एक फट राहिली की पाणी बोर्डामागे शिरतं आणि तिथेच बसतं. वरून व्हेंटिलेशन दिलं नाही तर आतली वाफही बाहेर पडत नाही, म्हणून रॉचडेलचं वर सांगितलं. एवढं नाजूक काम कोणाकडे होतं, तर एनर्जी कंपनीला सरकारी टार्गेट, तिने दिलं मोठ्या काँट्रॅक्टरला, त्याने खालच्याला, आणि शेवटी घरासमोर उभा राहिलेला माणूस जितकी घरं जास्त तितके पैसे जास्त या हिशोबाने पळतोय. नियम होते, २०१९ पासून पीएएस २०३५ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात आधी पूर्ण घर तपासा, व्हेंटिलेशन बघा, एक कोऑर्डिनेटर नेमा, सगळं लिहिलंय. जागेवर जाऊन बघणारं कोणी नव्हतं. ऑडिट ऑफिसनेही बोट देखरेखीवर आणि कामगारांच्या अपुऱ्या कौशल्यावर ठेवलंय, गार घरं तशीच राहू द्या असं कुठेही म्हटलेलं नाही.

तेव्हा दारात कोणी ‘फ्री इन्सुलेशन’ म्हणत आला तर लगेच सही करू नका. ट्रस्टमार्कवर, म्हणजे सरकारमान्य कारागिरांच्या यादीत, नोंद आहे का बघा, व्हेंटिलेशनचा प्लॅन लेखी मागा, गॅरंटी कोणाची आहे ते विचारा. घर जुन्या सलग विटांचं असेल तर दहादा विचारा.

‘त्यापेक्षा पैसे सरळ खात्यात टाका’

टाकले होते की. २०२२-२३ च्या हिवाळ्यात ग्रेट ब्रिटनमधल्या प्रत्येक घराला वीजबिलात ४०० पौंड मिळाले, ऑक्टोबर ते मार्च सहा हप्त्यांत, श्रीमंतालाही तेवढेच. वर सामान्य घराचं वार्षिक बिल २५०० पौंडांच्या आसपास राहील अशी हमी सरकारने दिली, नाहीतर ते ३५४९ वर जाणार होतं, आणि वर्षभरापूर्वी तेच होतं १२७७. त्या वेळी ही मदत द्यायलाच हवी होती, त्यावर वाद नाही, संकटात माणसाला लॉफ्टचा रोल देऊन भागत नाही. पण एप्रिल उजाडला तेव्हा ते सगळे पैसे भिंतीतून आणि छपरातून बाहेर गेले होते आणि घर होतं तसंच. टाकी गळकी आहे हे माहीत असून दर वर्षी टँकर मागवण्याचा हा प्रकार.

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य. इन्सुलेशनने स्टँडिंग चार्ज, म्हणजे बिलातला रोजचा ठरावीक आकार, कमी होत नाही, गॅस एक युनिट न वापरताही तो रोज पडतोच, आणि ज्याचा वापरच कमी त्याला तो जास्त टोचतो. त्यासाठी दर आणि सवलती यांचंच काहीतरी करावं लागेल.

‘खर्च कधी वसूल होणार?’

कशाचा, ते सांगा. लॉफ्टमध्ये २७० मिलिमीटर जाडीचे रोल हे स्वस्तातलं काम, सलग विटांच्या भिंतींना बाहेरून आवरण हे हजारो पौंडांचं काम, दोन्हीला एकच हिशोब कसा लावता? आधी सोपी कामं उरका. आणि ती उरकायची वेळ होती तेव्हाच हात आखडला गेला. गरिबांसाठी सरकारी पैशातून चालणारी वॉर्म फ्रंट योजना २०१३ मध्ये बंद झाली, त्याच वर्षी लॉफ्ट इन्सुलेशनची कामं ९० टक्क्यांहून जास्त घसरली. त्या वेळी जी घरं राहून गेली त्यांनीच २०२२ ची बिलं गारठत भरली.

‘हे सगळं स्वतःचं घर असणाऱ्यांसाठी, आपण भाडेकरू’

यात तथ्य आहे. पैसे घालायचे मालकाने आणि ऊब मिळणार भाडेकरूला, मग मालक कशाला हात घालील. पण अगदीच हतबल समजू नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २०२० पासून खासगी भाड्याच्या घराचं ईपीसी किमान ई लागतं, एफ किंवा जी असेल तर मालकाने सूट रीतसर रजिस्टर केलेली असेल तरच ते भाड्याने देता येतं. ईपीसी सरकारी वेबसाइटवर पोस्टकोड टाकून कोणालाही फुकट दिसतं. नवीन आलेली मुलं व्ह्यूइंगला जातात तेव्हा स्टेशन किती मिनिटांवर आणि इंडियन स्टोअर कुठे ते विचारतात, त्याआधी हे बघा. आत राहायला गेल्यावर कळलं की जी आहे, तर तक्रार एजंटकडे करत बसू नका, तो मालकाचा माणूस, कौन्सिलकडे करा, दंड करायचा अधिकार तिच्याकडे आहे.