'ओके'चा फुलफॉर्म फॉरवर्ड करणाऱ्यांनो, जरा थांबा

फॅमिली ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज. अमेरिकेच्या यादवी युद्धात ज्या दिवशी एकही सैनिक पडायचा नाही, त्या दिवशी फळ्यावर 'झीरो किल्ड' लिहायचे, त्यातल्या शून्याचा ओ आणि किल्डचा के मिळून पुढे 'ओके' झालं म्हणे. खाली हात जोडलेल्यांची रांग.

अहो, ते युद्ध सुरू झालं १८६१ मध्ये. आणि 'ओके' छापून आलंय २३ मार्च १८३९ च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये. तेही कुठल्या शौर्यकथेत नाही, दुसऱ्या गावच्या पेपरवाल्याची खेचण्यासाठी लिहिलेल्या एका टवाळ मजकुरात.

तेव्हा बॉस्टनच्या पेपरवाल्यांना आद्याक्षरांचं खूळ लागलं होतं. त्यात मुद्दाम अडाण्यासारखं स्पेलिंग करायचं, ही आणखी वरची गंमत. 'ऑल करेक्ट' म्हणजे खरं तर ए आणि सी. यांनी केलं ओ आणि के. म्हणजे 'सगळं बरोबर' सांगणारी दोन अक्षरं, आणि दोन्ही चूक! मला तर हा विनोद आजही आवडतो. 'ऑल राइट'चं असंच 'ओ डब्ल्यू' केलं होतं, 'नो गो'चं 'के जी'. ती गेली बाराच्या भावात.

मग हेच का टिकलं? निवडणुकीमुळे. १८४० मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे होते. त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहूक, म्हणून कार्यकर्त्यांनी त्यांना केलं 'ओल्ड किंडरहूक' आणि काढले ओके क्लब. विरोधक कसले गप्प बसतात! त्यांनी आवई उठवली की आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना धड स्पेलिंग येत नव्हतं, तेच कागदांवर ओके लिहायचे. व्हॅन ब्युरेन आपटले, हॅरिसन निवडून आले, पण ओके घरोघरी पोचलं. पुढे तारवाल्यांना दोन अक्षरांत होकार कळवायला ते आयतंच सापडलं.

हे सगळं कोलंबिया विद्यापीठाच्या अ‍ॅलन वॉकर रीड यांनी जुन्या पेपरांचे ढीग उपसून १९६३-६४ मध्ये मांडलं. तरी कुणी ते ग्रीकमधून आलं म्हणतं, कुणी अमेरिकेतल्या चोक्टॉ आदिवासींच्या भाषेतून. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन तर ते चोक्टॉ समजून वेगळ्याच स्पेलिंगने लिहायचे. शब्द जगभर चालतो, तर त्याचं घराणंही मोठंच असणार, असं आपण धरून चालतो. टवाळखोर पेपरवाल्यांचं पोर म्हटलं की कमीपणा वाटतो. मला उलट हीच कुळकथा जास्त भारी वाटते.

आणि राजकारणाने या शब्दाला हात दिला, तो काही एकदाच नाही. २०२२ च्या जूनमध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' म्हणाले आणि त्यातलं 'ओक्के' अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी बसलं. मीम निघाले, गाणी निघाली. फुलफॉर्म मात्र कुणी विचारला नाही.