आठ वर्षे, आणि त्यांतली सहा वर्षे

पहिल्या प्रेमाची अनेक वर्षांनी पुन्हा गाठ पडते अशा कादंबऱ्या मी कॉलेजात असल्यापासून वाचत आले आहे. त्या दुपारचा वेळ घालवण्यासाठी असतात, त्यांत विचार करण्यासारखे काही नसते, असे माझ्या ओळखीतली बरीच वाचणारी माणसे म्हणतात, आणि दर वेळी मला मनापासून वाईट वाटते. अलीकडे शाळांच्या बॅचचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाले, पंचवीस-तीस वर्षांनी मेळावे भरू लागले, आणि ज्या माणसाचे नाव आपण वर्षानुवर्षे कोणापाशी काढले नव्हते ते एके सकाळी फोनच्या पडद्यावर दिसू लागले. त्यामुळे या कादंबऱ्यांतला प्रश्न आज पुष्कळांच्या घरात येऊन बसला आहे, आणि त्याच्याबद्दल सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

माझी तक्रार आहे ती या प्रकारातल्या एका सवयीबद्दल. नायकाचे पत्र नायिकेच्या आईने दडवलेले असते, किंवा कोणा मत्सरी मैत्रिणीने खोटे काहीतरी सांगितलेले असते. बारा-पंधरा वर्षांनी ते पत्र माळ्यावरच्या ट्रंकेत सापडते, दोघांना खरे काय ते कळते, आणि जिथे गोष्ट थांबली होती तिथूनच ती पुढे सुरू होते. अशा गोष्टीत दोघांपैकी कोणालाच कशाचा जाब द्यावा लागत नाही, आणि मधली सगळी वर्षे कोऱ्या पानांसारखी उलटून टाकता येतात. प्रत्यक्षात माणसे दडवलेल्या पत्रांमुळे क्वचितच दुरावतात. कोणाची नोकरी पक्की नसते, कोणाच्या धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे असते, जात आड येते, आईची तब्येत आड येते, आणि पुष्कळदा आपल्याच अंगी तेवढे बळ नसते. त्या वेळी घेतलेला निर्णय चुकीचा होता असे नंतरही खात्रीने सांगता येत नाही, आणि खरे दुःख तिथेच असते.

ते दुःख कोणतीही पळवाट न काढता मांडणारी कादंबरी दोनशे वर्षांपूर्वीच लिहून झाली आहे, असे माझे ठाम मत आहे. जेन ऑस्टिनची ‘पर्स्वेशन’ ही तिने पूर्ण केलेली शेवटची कादंबरी. १८ जुलै १८१७ रोजी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी ती वारली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात हे पुस्तक बाहेर आले. नायिका अ‍ॅन एलियट सत्तावीस वर्षांची आहे. आठ वर्षांपूर्वी, १८०६ च्या उन्हाळ्यात, एकोणीस वर्षांची असताना तिने फ्रेडरिक वेंटवर्थ या तरुण नौदल अधिकाऱ्याला होकार दिला होता. त्याच्यापाशी हुशारी आणि आत्मविश्वास होता, पण पैसा नव्हता, वशिला नव्हता, आणि युद्ध चालू असल्यामुळे त्याच्या जिवाचाही भरवसा नव्हता. अ‍ॅनला आई नाही. आईच्या जागी असलेल्या लेडी रसेलने तिला समजावले, आणि तिने तो शब्द परत घेतला. १८१४ मध्ये नेपोलियनचा पाडाव होऊन युद्ध थांबते तेव्हा वेंटवर्थ कप्तान होऊन परततो. शत्रूची जहाजे पकडली की त्यांच्या किमतीतला वाटा कप्तानाला मिळत असे, आणि त्या बक्षिसाच्या रकमेतून त्याच्यापाशी पंचवीस हजार पौंड जमलेले असतात. अ‍ॅनचे उधळे वडील कर्जापायी आपला वाडा भाड्याने देतात, आणि तिथे राहायला येते ती नेमकी वेंटवर्थची बहीण, आपल्या नवऱ्यासह.

हे पुस्तक मी प्रथम वाचले तेव्हा माझे वय अ‍ॅनच्या त्या होकाराच्या वेळच्या वयाएवढेच होते, आणि मला तिचा राग आला होता. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपला शब्द फिरवणारी मुलगी मला नायिका वाटेना. आता माझ्या स्वतःच्या घरात लग्नाच्या वयाची मुले आहेत, आणि मागच्या पावसाळ्यात पुन्हा वाचताना मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती लेडी रसेलपाशी. ती खलनायिका नाही. तिचे अ‍ॅनवर खरोखर प्रेम आहे, आणि एकोणीस वर्षांच्या मुलीने समुद्रावरच्या, हाती काही नसलेल्या माणसासाठी आपले आयुष्य टांगणीला लावू नये असे तिला वाटते. आपल्याकडच्या किती मावश्यांनी आणि आत्यांनी हेच शब्द, याच मायेने उच्चारले असतील! शिवाय अ‍ॅन केवळ धाकापोटी मागे सरत नाही. आपण त्याच्या वाटेतून दूर झालो तर त्याचेच भले होईल, अशी तिची समजूत असते, आणि पुढची आठ वर्षे तिला आधार असतो तो मुख्यतः त्या समजुतीचाच.

त्या आठ वर्षांचा जमाखर्च ऑस्टिनने जितक्या बारकाईने लिहिला आहे तितका मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही. पहिल्या भेटीनंतर वेंटवर्थ म्हणतो की अ‍ॅन इतकी बदलली आहे की तिला ओळखलेही नसते. आणि तिची बहीण हे वाक्य काही विचार न करता तिच्या कानांवर घालते. दोघे एकाच खोलीत बसतात, एकाच टेबलावर जेवतात, आणि एकमेकांशी परक्यांपेक्षाही कमी बोलतात. मग एके दिवशी अ‍ॅन आजारी भाच्यापाशी गुडघ्यांवर बसलेली असताना त्याचा दोन वर्षांचा धाकटा भाऊ तिच्या पाठीवर चढतो आणि काही केल्या उतरत नाही. मागून कोणीतरी येते आणि त्याचे हात तिच्या मानेभोवतून अलगद सोडवून त्याला उचलून घेते. तो वेंटवर्थ असतो. तो एक शब्दही बोलत नाही, आणि अ‍ॅनला त्याचे आभार मानता येत नाहीत, इतकी ती आतून हलून गेलेली असते. पुस्तकात मिठी नाही, अश्रूंचा पूर नाही, तरी या अर्ध्या पानावर माझा श्वास दर वेळी अडकतो.

वेंटवर्थला या काळात ठाम स्वभावाची, कोणाच्या सांगण्याने न डगमगणारी मुलगी हवी असते, आणि अ‍ॅनच्या बहिणीची नणंद लुइझा मसग्रोव्ह त्याला तशी वाटते. लाइम गावच्या कॉब नावाच्या समुद्रातल्या दगडी धक्क्यावर ती हट्टाने दुसऱ्यांदा पायऱ्यांवरून उडी घेते, खाली आदळते आणि बेशुद्ध पडते. सगळे हतबल होऊन उभे असताना डॉक्टरला बोलवा, तिला आत न्या, हे सुचते ते एकट्या अ‍ॅनला. निग्रह आणि हट्ट यांतला फरक वेंटवर्थला त्या धक्क्यावर कळू लागतो, आणि आठ वर्षे मनात धरलेला राग तिथे सैल होतो. मला हे फार मोलाचे वाटते, कारण इथे जुनी अ‍ॅन त्याला परत मिळत नाही. त्याला आवडू लागते ती आजची, सत्तावीस वर्षांची अ‍ॅन, आणि एकोणिसाव्या वर्षी तिच्यात असे काही होते हे त्याच्या लक्षातही आले नव्हते.

या कादंबरीचा शेवट ऑस्टिनने दोनदा लिहिला. तिच्या पूर्ण झालेल्या कादंबऱ्यांपैकी केवळ याच एका कादंबरीची काही हस्तलिखित पाने उरली आहेत, आणि ती म्हणजे रद्द केलेल्या शेवटाचीच दोन प्रकरणे. ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्या पहिल्या शेवटात वेंटवर्थला त्याचे मेहुणे, अ‍ॅडमिरल क्रॉफ्ट, अ‍ॅनकडे एक प्रश्न विचारायला पाठवतात: तिच्या वडिलांचा वारस असलेल्या, नात्यातल्या मिस्टर एलियटशी तिचे लग्न ठरले आहे हे खरे काय, आणि तसे असेल तर त्या जोडप्याला वाडा परत हवा आहे का. ती नाही म्हणते, आणि नजरानजर होऊन सगळे मिटते. हा शेवट लिहून झाल्यावर तिचे समाधान झाले नाही, आणि जुलै-ऑगस्ट १८१६ मध्ये तिने तो नव्याने लिहिला. आता बाथच्या व्हाइट हार्ट या खानावळीत अ‍ॅन वेंटवर्थच्या मित्राशी, कप्तान हार्विलशी, बोलते आहे आणि पलीकडच्या टेबलावर वेंटवर्थ एक कामाचे पत्र लिहितो आहे. बायका लवकर विसरतात असे सगळी पुस्तके सांगतात, असे हार्विल म्हणतो. त्यावर पुस्तकांचा दाखला नको, लेखणी पुरुषांच्याच हातात राहिली आहे, असे अ‍ॅन त्याला बजावते. आशा संपल्यावरही प्रेम करत राहणे एवढाच हक्क मी बायकांसाठी मागते, असे ती म्हणते. तिचे शब्द कानांवर पडत असताना वेंटवर्थच्या हातून लेखणी गळून पडते, आणि मग त्याच टेबलावर, माणसांनी भरलेल्या त्या खोलीत, तो तिला आपले प्रेम सांगणारे दुसरे पत्र लिहितो. पहिल्या शेवटात अ‍ॅनने फक्त उत्तर द्यायचे होते. नव्या शेवटात ती आधी बोलते आणि तो ऐकतो. लेखिकेने आजारपण सुरू झालेले असताना हे पुन्हा लिहिले, याबद्दल मला तिच्याविषयी कृतज्ञता वाटते.

यानंतर त्याच संध्याकाळी अ‍ॅनच्या घरच्या मेजवानीत दोघे जे बोलतात त्यासाठी मी हे सगळे लिहिते आहे. वेंटवर्थ विचारतो की १८०८ मध्ये मी थोडे पैसे हाती घेऊन इंग्लंडला परतलो, मला नवे जहाजही मिळाले होते, तेव्हा मी तुला पत्र लिहिले असते तर तू उत्तर दिले असतेस का? अ‍ॅनचे उत्तर दोनच शब्दांचे आहे, आणि त्यात होकाराशिवाय काही नाही. मग त्याला कबूल करावे लागते की पुन्हा विचारण्याच्या आड त्याचा स्वतःचा अभिमान आला होता, आणि विरहाची सहा वर्षे त्यामुळे वाया गेली. लेडी रसेलपेक्षा मोठा शत्रू मीच माझा होतो, असे तो म्हणतो. आठ वर्षांतली पहिली दोन परिस्थितीची आणि वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याची मानता येतील, पण उरलेल्या सहांना तो स्वतः जबाबदार आहे. अ‍ॅन मात्र म्हणते की सल्ला चुकीचा ठरला असला तरी तो ऐकण्यात माझे चुकले नाही. तेव्हा मी ऐकले नसते तर माझे मन मला खात राहिले असते. तिला पश्चात्ताप करायला लावणे लेखिकेला सोपे होते. तिने तसे केले नाही, आणि मी एकोणीस वर्षांची असताना मला जी पराभूत वाटली होती ती बाई आता मला त्या पुस्तकातली सर्वांत निर्भय व्यक्ती वाटते.

याच संदर्भात गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या ‘लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा’चाही उल्लेख करायला हवा, मूळ स्पॅनिश पुस्तक १९८५ चे. तिथे फ्लोरेंतिनो अरिसा एक्कावन्न वर्षे, नऊ महिने आणि चार दिवस थांबतो, आणि फर्मिना दासाच्या नवऱ्याच्या अंत्यविधीच्याच दिवशी रात्री जुने वचन पुन्हा उच्चारतो, तेव्हा ती त्याला घराबाहेर काढते. ती वितळू लागते ती पुढे, जेव्हा त्याच्या पत्रांत जुन्या प्रेमाचा उल्लेखच नसतो आणि तो टंकयंत्रावर म्हातारपण, मरण, संसार यांबद्दल लिहू लागतो. हे मला पूर्णपणे पटते. पण त्याच म्हाताऱ्याच्या जिम्म्यावर शिकायला सोपवलेल्या चौदा वर्षांच्या मुलीशी तो जे करतो, आणि तिचा जो शेवट होतो, तो वाचल्यावर फ्लोरेंतिनो आणि फर्मिना यांचा नदीवरचा शेवटचा प्रवास मला निर्मळ मनाने वाचता येत नाही. एका प्रेमाच्या निष्ठेपायी दुसऱ्या कोणाचा बळी गेला असेल तर लेखकाने आणि वाचकानेही त्याची दखल घ्यावी, असे मला वाटते.

‘पर्स्वेशन’च्या शेवटी मात्र सुखाबरोबर एक भीतीही ठेवलेली आहे. गोष्ट १८१५ च्या वसंतात संपते, तेव्हा नेपोलियन एल्बाहून निसटलेला असणार आणि वॉटर्लूची लढाई व्हायची आहे. ऑस्टिनचे दोन भाऊ नौदलात होते, आणि त्यांतला फ्रान्सिस, वेंटवर्थप्रमाणेच, १८०६ च्या सान डोमिंगोच्या लढाईत होता; अशा बातम्यांची वाट पाहणे म्हणजे काय हे तिच्या घराला माहीत होते. अ‍ॅनला खलाशाची बायको असल्याचा अभिमान आहे, आणि पुन्हा युद्ध पेटेल ही धास्तीही आहे. एकोणीस वर्षांची असताना जी धास्ती दाखवून तिला मागे खेचले होते ती अजून तशीच आहे, आणि या वेळी ती त्याच्यासोबत निघाली आहे.