किटलीच्या झाकणातून इंजिन निघालं नाही

"लहानग्या जेम्स वॉटने किटलीचं झाकण वाफेने उडताना पाहिलं, त्यातून वाफेच्या इंजिनाचा शोध लागला आणि औद्योगिक क्रांती झाली." हा मेसेज तुम्हालाही आला असेल. परवा माझ्या भाचीने शाळेच्या भाषणासाठी तो तोंडपाठ केला, तेव्हा मला राहवलं नाही.

आधी सालं बघा. वॉट जन्मला १७३६ मध्ये. थॉमस न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन इंग्लंडात डडलीजवळच्या कोळसा खाणीतलं पाणी १७१२ पासूनच उपसत होतं.

दुसरं, झाकण उडतं ते वाफेच्या रेट्याने. न्यूकोमेनच्या इंजिनात जोर वेगळ्याच गोष्टीचा होता. सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग आत गार पाण्याचा फवारा सोडायचा. वाफेचं पाणी झालं की आत पोकळी होते आणि बाहेरची हवा दट्ट्या खाली दाबते. घरी करून बघा: प्लास्टिकच्या बाटलीत कडकडीत पाणी हलवून ओतून टाका, लगेच झाकण घट्ट लावा आणि बाटली नळाखाली धरा. डोळ्यांदेखत चेपते.

वॉटचं खरं काम सुरू झालं ते एका दुरुस्तीतून. १७६३ च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठाचं न्यूकोमेन इंजिनाचं मॉडेल त्याच्याकडे आलं. थोड्या फेऱ्या झाल्या की बॉयलरची वाफ संपायची. दर फेरीला सिलिंडर गार होणार, पुन्हा तापणार. बरीचशी वाफ त्या तापवण्यातच खर्ची पडायची. किटली येते ती इथे. तिच्या तोटीला काचेची नळी जोडून त्याने वाफ गार पाण्यात सोडली. वाफ झालेलं पाणी स्वतःच्या वजनाच्या सुमारे सहापट पाण्याला उकळीपर्यंत नेतं, हे त्याने मोजून काढलं. १७६५ मध्ये तोडगा सापडला: वाफ गार करायला वेगळं भांडं, म्हणजे सिलिंडर कायम गरम.

तरी इंजिन कामाला लागायला १७७६ उजाडलं. दट्ट्या घट्ट बसेल असा गोल सिलिंडर कोरता येत नव्हता. तो जमला लोखंडाचा कारखानदार जॉन विल्किन्सनच्या १७७४ च्या कोरण्याच्या यंत्रावर. ५० इंची सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या नाण्याच्या जाडीइतकाही फरक नाही, असं वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टनने लिहून ठेवलंय. विल्किन्सनचं नाव त्या मेसेजमध्ये नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

राहिली औद्योगिक क्रांती. वॉटचं इंजिन कामाला लागण्याआधीच कारखाने उभे राहत होते: रिचर्ड आर्कराइटने इंग्लंडात क्रॉमफर्डला १७७१ मध्ये उभारलेली सूतगिरणी पाणचक्कीवर चालायची.

भाचीचं भाषण आम्ही दोघींनी नव्याने लिहिलं. किटली ठेवलीय, पण तोटीला नळी जोडलेली.