हात कापतात ते दारू सोडली म्हणून!

"त्या बेवड्याला परत चादर द्यायची न्हाई!" रात्री अडीच वाजता अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल असं सिस्टर ओरडल्या. तो बेवडा म्हणजे माझे दाजी. बावीस वर्षं कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत कारखान्याच्या भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस. रविवारी दुपारी आक्कासमोर बाटली मोरीत ओतली आणि म्हणाले, आता बास. सोमवारी हात कापायला लागले, मंगळवारी पहाटे फीट आली, म्हणून ॲडमिट केलं.

चादर का भिजली? तर स्टीलचा पेला धरवत नव्हता. दोन्ही हातांनी धरला तरी दातांवर टकटक आपटत होता, निम्मं पाणी अंगावर. दाजी "सॉरी सिस्टर" म्हणत होते आणि ही बाई कमरेवर हात ठेवून म्हणते, "दारूचा गिलास बरा धरवतोय!" शेजारच्या बेडचे नातेवाईक फिदीफिदी हसले. आक्कानं पदर तोंडाला लावला. माझं डोकंच फिरलं.

अहो, रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली की पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते, मग भ्रम होतो, वेळेवर उपचार नाही झाले तर माणूस जातो! हे तुम्ही शिकून आलाय, मी नाही. दाजी चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या झटकत होते, तर "नाटकं बंद करा" म्हणून गॉजपट्टीनं हात पलंगाला बांधले. थायमिनचं, म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन रात्री दहाला द्यायचं लिहिलेलं, ते दीडपर्यंत ट्रेमध्ये पडून. डॉक्टरांना बोलवा म्हणून तीनदा गेलो. "व्हय, बघते" म्हणायचं आणि मोबाईलवर रील चालू. रात्री वॉर्डात मोठ्यानं रील लावणाऱ्यांचा मला मुळातच तिटकारा आहे.

एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड असतो, मान्य. पण पलीकडं शुगर वाढवून आलेल्या काकांना कुणी "जिलेबी खाताना कळलं न्हाई?" असं विचारलं नाही. त्यांना "काका, जेवलात का?" आणि आमच्या माणसाला बेवडा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाचे आजारही धरलेत, भेदभाव न करता उपचार मिळायचा हक्क लिहिलाय. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यातही हेच. "उतरल्यावर आणा" म्हणून दारातनं परत पाठवलं होतं. आणि लग्नात दाजींना आग्रहानं पाजणारे पाहुणे? एकजण बघायला आला नाही!

पहाटे दाजी जरा शांत झाले. मनगटावर पट्टीचे लाल वळ. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझ्या आक्काला सांग, घरी जाऊया. हितं लाज वाटत्या."